पान, पाट आणि मेज : जेवणाच्या टेबलावरील कापडाच्या मापाचा इतिहास
(विशेष संदर्भ : शहापूर व मुरबाड तालुके)

प्रस्तावना

जेवणाच्या टेबलासाठी योग्य मापाचे कापड कसे निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता गृहशास्त्राचा आहे. टेबलाची लांबी-रुंदी मोजावी, कडेवरून खाली सुटणाऱ्या कापडाची भर घालावी आणि तेवढे कापड विकत घ्यावे, एवढेच त्याचे उत्तर. तथापि हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वी काही गोष्टी घडून आलेल्या असाव्या लागतात. घरात जेवणाचे टेबल असावे लागते. अन्नाखाली सुती कापड चालते, असे घरातील वडीलधाऱ्यांना मान्य असावे लागते. एकाच कापडाच्या कडेने अनेकांनी बसून जेवण्यास हरकत नसावी लागते. आणि डागाळलेले कापड धुण्याइतके पाणी घरात असावे लागते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात या चार गोष्टी एकाच वेळी जमून आल्या नाहीत. काही ठिकाणी त्या अद्याप पुरत्या जमलेल्या नाहीत. म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या मापामागे जात, पाणी आणि माग यांचा बराच इतिहास दडलेला आढळतो.

शहापूर तालुका मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली. मुरबाड मात्र रेल्वेच्या बाहेरच राहिले. नाणेघाट व माळशेजच्या पायथ्याचा हा तालुका कल्याणच्या बाजारपेठेशी रस्त्यानेच जोडलेला राहिला. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशा समाजांची वस्ती असलेल्या या दोन तालुक्यांत जेवणाची पारंपरिक जागा म्हणजे सारवलेली जमीन.

पानाचे माप, माणसाचे माप

जमिनीवरील जेवणात मापे नव्हती असे समजणे चुकीचे ठरेल. पाट साधारण हातभर लांबीचा. त्याच्यापुढे केळीचे पान किंवा पळसाची पत्रावळ. पानावरील प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली : वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. सणाच्या किंवा लग्नाच्या पंगतीत पानाभोवती रांगोळीची महिरप काढली जाई. ही महिरप शोभेसाठी होती हे खरे. पण ती एका माणसाच्या जेवणाची हद्दही आखून देत असे. दोन पानांमध्ये मोकळी जमीन राही आणि ती मोकळी राहणे महत्त्वाचे असे. पंगतीचे माप पानांच्या संख्येवरून होई. ‘किती पाने झाली’ असेच विचारले जाई. किती लांबी लागली, हा प्रश्न उद्भवतच नसे.

ही पाने येत कोठून? पत्रावळीसाठी लागणारा पळस शहापूर-मुरबाडच्या जंगलात मुबलक आहे. पाने तोडणे, ती बारीक काड्यांनी टाचून गोल पत्रावळ आणि द्रोण तयार करणे, गठ्ठे बांधून बाजारात नेणे हे काम प्रामुख्याने आदिवासी स्त्रियांचे. पत्रावळीचे मापही त्यांच्या हाताने ठरे. गावच्या लग्नात ज्या पानावर सवर्ण पंगत जेवत असे ते पान शिवणाऱ्या बाईला त्या पंगतीत बसण्याचा अधिकार नव्हता. हिरवे पान विटाळत नाही, अशी सोय रूढीनेच करून ठेवली होती. पान टाकून द्यायचे असल्यामुळे ते कोणाच्या हातचे आहे, हे विचारण्याची गरज पडत नसे.

सुती कापड आणि सोवळे

अन्नाखाली कापड का अंथरले गेले नाही, याचे उत्तर याच विचारात सापडते. सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारात सगळी वस्त्रे समान नव्हती. रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी ही तुलनेने न विटाळणारी वस्त्रे मानली जात. सुती कापड मात्र धुऊन, कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळवले तरच सोवळ्याचे. एकदा स्पर्श झाला की ते ओवळे. त्यात पाण्यात शिजवलेले अन्न, विशेषतः भात, हे खरकटे. खरकट्याचा स्पर्श झालेली वस्तू धुतल्यावाचून वापरात येत नसे. जेवण झाल्यावर उष्टी काढून जागेवर शेणगोळा फिरवला की जमीन पुन्हा शुद्ध होई. कापडावर शेणगोळा फिरवता येत नाही. शिवाय कापड सलग असते. दोन माणसांमधील मोकळी जमीन ते नाहीशी करते. एका टोकाला बसलेल्याचा स्पर्श कापडाच्या धाग्यांतून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो, असा या विचाराचा सरळ अर्थ होता. सुती कापड जितके मोठे तितका त्याचा धोका मोठा.

ही मांडणी ब्राह्मणी आचाराची आहे आणि ती सर्व समाजांना सारखीच लागू होती असे म्हणता येणार नाही. कुणब्याच्या घरी सोवळ्याचा एवढा बारकावा पाळला जात नसे. ठाकूर-कातकऱ्यांच्या घरी तर नाहीच. पण प्रतिष्ठेच्या प्रसंगी, म्हणजे लग्नकार्यात, वरच्या जातींचा आचारच नमुना म्हणून स्वीकारला जात होता, आणि टेबलावरील कापडासारखी नवी वस्तू प्रथम प्रतिष्ठेच्याच प्रसंगी प्रवेश करते.

पाहुण्यासाठी अंथरण्याचे वस्त्र या भागात होते, ते म्हणजे घोंगडी. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणारी यात्रा गुरांच्या बाजाराइतकीच घोंगड्यांसाठीही प्रसिद्ध आहे. घोंगडी अंथरणे हा आदर होता. पंच तिच्यावर बसत, पाहुणा तिच्यावर बसे. परंतु घोंगडी माणसाखाली होती, अन्नाखाली नव्हती. हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

शेजारची उदाहरणे

अन्नाखाली कापड अंथरणारे लोक ठाणे जिल्ह्याला अपरिचित नव्हते. कोकणी मुसलमानांच्या घरी दस्तरखान अंथरले जाई. दस्तरखानाला टेबलाची गरज नसते. ते जमिनीवरच पसरतात आणि त्याची लांबी जेवणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. चार माणसांना आखूड, वीस जणांना लांब. त्याच्या कडेने बसणारे सर्वजण एकाच वस्त्राचे वाटेकरी होतात आणि ही वाटणीच तेथे आतिथ्याची खूण आहे. पंगतीतील महिरप जे वेगळे करते, ते दस्तरखान एकत्र आणते. आपल्या भाषेत ‘मेज’ आणि ‘मेजवानी’ हे दोन्ही शब्द फारसी वळणाचे आहेत, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. मेजवानी आपण स्वीकारली. मेज बराच काळ बाहेरच राहिले.

दुसरे उदाहरण वसईचे. पोर्तुगीजांची तेथील सत्ता १५३४ पासून चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेईपर्यंत टिकली. दोन शतकांच्या या सत्तेत युरोपीय पद्धतीचे मेजावरील भोजन किनारपट्टीवर माहीत झाले. परंतु किनाऱ्यावर जे दिसे, ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांपर्यंत झिरपले नाही. अंतर फार नव्हते. ज्यांच्या घरी टेबल होते त्यांच्याकडे जेवायला जाण्याची प्रथाच नव्हती.

कचेरीचे टेबल

शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही तालुक्याची ठाणी. मामलेदार कचेरी, पुढे न्यायालय, शाळा, डाकबंगला यांच्याबरोबर टेबल आले. सामान्य रयतेने पाहिलेले पहिले कापड घातलेले टेबल जेवणाचे नसून कचेरीचे असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. त्यावर हिरवी बनात असे. या कापडाचे माप अन्नाशी संबंधित नव्हते. दौत, कागद आणि साहेबाचा अधिकार यांच्याशी होते. टेबलाच्या पुढच्या बाजूने कापड अधिक खाली सुटलेले असले की पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला साहेबाचे पाय दिसत नसत. ‘टेबलाखालून’ हा मराठीत रूढ झालेला शब्दप्रयोग अशा कापडाच्या आडोशाला आला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो विनोदापुरताच ठेवलेला बरा. महत्त्वाचे एवढेच की टेबल आणि त्यावरील कापड ही अधिकाराची खूण म्हणून प्रथम रुजली. आजही ग्रामसभेत किंवा शाळेच्या कार्यक्रमात व्यासपीठावरील टेबलाला कापड नसेल तर कार्यक्रम अपुरा वाटतो. त्याच गावातील जेवणाच्या टेबलाला ते नसले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका मेजाचे प्रकरण

टेबलाशी बसून इतरांसमवेत खाणे महाराष्ट्रात किती गंभीर मानले गेले, याचे सर्वपरिचित उदाहरण पुण्याचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या कार्यक्रमात मान्यवरांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी नावे प्रसिद्ध केल्यावर ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने चालला. त्यापूर्वी १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिबंधन झुगारण्यासाठी पाव खात, पण ते गुप्तपणे. सुधारणेची परीक्षा भोजनाच्या जागी घेतली जात होती, ही गोष्ट दोन्ही प्रसंगांतून दिसते.

विसाव्या शतकात ही परीक्षा उघडपणे घेतली गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच काळात समाज समता संघाच्या वर्तुळात सहभोजने होऊ लागली. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले उपाहारगृह सुरू केले. उपाहारगृहाचे महत्त्व येथे विशेष आहे. पंगतीत प्रत्येकाचे पान वेगळे असते, आणि पंगतच वेगळी बसवणे सोपे असते. उपाहारगृहात टेबल एकच असते. एक गिऱ्हाईक उठले की दुसरे त्याच फळीपाशी बसते.

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ या कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी आणि तेथे ठेवलेल्या अन्य वस्तू वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे हा गुन्हा ठरवला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. ‘अन्य वस्तू’ या दोन शब्दांत टेबल येते आणि टेबलावरील कापडही येते. कायद्याच्या भाषेत या कापडाचा उल्लेख शोधायचा तर तो येथेच, नाव न घेता आलेला, सापडतो. चहाच्या दुकानात वेगळ्या कपबशा ठेवण्याची रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत कायद्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली, हे विसरता येत नाही. कप वेगळा ठेवता येतो. कापड प्रत्येकासाठी वेगळे अंथरता येत नाही.

पन्हा आणि लोंबता भाग

आता मापाकडे वळू. घरात टेबल आल्यानंतर कापडाचे माप दोन गोष्टींवर अवलंबून राहू लागले : सुताराने केलेली फळी आणि विणकराने दिलेला पन्हा.

कापडाची लांबी हवी तेवढी फाडून घेता येते. रुंदी मागावर ठरते. जुन्या मुंबई इलाख्यात सोळा तसूंचा हात, म्हणजे अठरा इंच, आणि चोवीस तसूंचा गज, म्हणजे सत्तावीस इंच, ही मापे चालत. त्यांच्या जोडीला इंग्रजी वार आला आणि नऊवारीच्या नावात कायमचा राहिला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली, तरी कापडबाजाराने तडजोड स्वीकारली. दुकानदार आजही पन्हा इंचांत सांगतो आणि लांबी मीटरमध्ये मोजतो. एकाच कापडाच्या दोन बाजू दोन राजवटींच्या मापांत मोजल्या जातात, ही गंमत सहसा कोणाला जाणवत नाही. शहापूर व मुरबाडला कापडाचे मोठे केंद्र जवळचे, ते म्हणजे यंत्रमागांचे भिवंडी.

सहा माणसांच्या टेबलाची फळी दीडशे सेंटिमीटर लांब आणि नव्वद रुंद धरू. एका माणसाला बसण्यास साधारण साठ सेंटिमीटर कड लागते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याला याहून अधिक जागा लागत असे. टेबलाची उंची पंचाहत्तर आणि खुर्चीच्या बैठकीची पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे लोंबता भाग तीस सेंटिमीटरहून अधिक झाला की कापड मांडीवर येते, आणि उठताना ताटासह ओढले जाण्याचा संभव निर्माण होतो. तो पंधराहून कमी झाला तर कापड अपुरे दिसते. पंचवीस धरल्यास एकंदर माप दोनशे बाय एकशे चाळीस सेंटिमीटर होते. गोल टेबलास हाच हिशेब व्यासावर लावावा : एकशे वीसच्या फळीला एकशे सत्तर.

अडचण पन्ह्याची. अठ्ठावन्न इंची पन्हा म्हणजे सुमारे एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. त्यात एकशे चाळीसचे कापड दुमडीसह जेमतेम बसते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते फाडून शिवण्यापूर्वी भिजवून वाळवणे आवश्यक ठरते. चव्वेचाळीस इंची पन्हा असल्यास रुंदी एकशे बारा सेंटिमीटरच मिळते. दोन्ही बाजूंना अकरा सेंटिमीटर, त्यातून दुमड वजा जाता चार-पाच बोटेच उरतात. अशा वेळी दोन तुकडे मधोमध जोडण्याची चूक केली जाते. मधली शिवण नेमकी ताट-वाट्यांखाली येते आणि वाटी डगमगते. जाणते शिंपी पूर्ण पन्हा मध्ये ठेवतात आणि दोन्ही कडांना पट्ट्या जोडतात, त्यामुळे शिवण फळीच्या कडेखाली उतरते आणि नजरेआड होते.

पाणी, हळद आणि मेणकापड

इतका हिशेब जुळवूनही शहापूर-मुरबाडच्या घरांत जेवणाच्या टेबलावर सुती कापड क्वचितच दिसते. नोकरदार, शिक्षक, लहान व्यापारी यांच्या घरी टेबल आले ते प्रामुख्याने गेल्या काही दशकांत. त्यावर आले मेणकापड, रेक्झिन किंवा फुलांच्या नक्षीचे प्लास्टिक. क्रोशाने विणलेले सुती रुमाल रेडिओवर, नंतर दूरचित्रवाणी संचावर गेले. कापड शोभेला आणि प्लास्टिक जेवणाला, अशी वाटणी झाली. शहरी अभिरुचीला हे प्लास्टिक ग्राम्य वाटते. या निर्णयामागे विचार नव्हता असे मानणे मात्र अन्यायाचे होईल.

पहिले कारण आपले अन्न. आमटी, रस्सा, लोणचे यांतील हळद आणि तेल पांढऱ्या कापडात शिरते. हळदीच्या डागावर साबण लावला तर त्यातील क्षारामुळे तो प्रथम लाल होतो आणि पुष्कळदा फिका पिवळा राहून जातो. पांढरे कापड ज्या देशांत रूढ झाले, तेथील रोजच्या जेवणात हळद नव्हती.

दुसरे कारण पाणी. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा (१८९२), मोडकसागर आणि भातसा हे जलाशय शहापूरच्या परिसरातले; बारवीचे पाणी मुरबाडच्या सीमेवरून औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना जाते. याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. दोनशे बाय एकशे चाळीसचे सुती कापड दोन पाण्यांत खळबळून धुण्यास किती हंडे लागतील, हे डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. ओल्या फडक्याने पुसून काढता येणारे मेणकापड तिने निवडले, तेव्हा तिने कापडाचे नव्हे, आपल्या श्रमाचे माप घेतले होते. मुंबईतील हॉटेलात रोज बदलले जाणारे पांढरेशुभ्र कापड ज्या पाण्याने धुतले जाते, ते पाणी तिच्या तालुक्यातून जाते. दोन टेबलांमधील हा फरक केवळ रुचीचा मानणे कठीण आहे.

प्लास्टिक पुसण्याच्या क्रियेत जुन्या शेणगोळ्याचे स्मरण आहे, असेही म्हणता येईल. जागा जेवणानंतर लगेच, तेथल्या तेथे शुद्ध झाली पाहिजे, ही अपेक्षा तीच आहे. सुती कापड उद्या धुऊ म्हणून ठेवावे लागते, आणि खरकटे उद्यावर ठेवणे आपल्या स्त्रियांच्या मनाला पटत नाही.

मांडवातील टेबल

घरापेक्षा लग्नाच्या मांडवातील बदल अधिक लक्षणीय आहे. जमिनीवरील पंगतीची जागा लोखंडी पायांच्या घडीच्या टेबलांनी घेतली. ही टेबले एकापुढे एक लावली की पन्नास-साठ माणसांची सलग फळी तयार होते. तिच्यावर पांढऱ्या कागदाची गुंडाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडत नेतात. या कागदाचा पन्हा बहुधा फळीएवढाच असतो. लोंबता भाग नसतो. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचे पेले ठेवतात. जेवण आटोपल्यावर पत्रावळ्यांसकट कागद गोळा करतात आणि पुढच्या पंगतीसाठी नवा उलगडतात. धुणे नाही, आटणे नाही, हळदीचा डाग नाही. माप पुन्हा माणसांच्या संख्येवर आले, दस्तरखानासारखे. आणि वस्तू पुन्हा टाकून देण्याची झाली, पानासारखी.

थर्माकोलच्या ताटांनी पळसाच्या पत्रावळीचा बाजार मोठ्या प्रमाणात हिरावून घेतला होता. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने एकदाच वापरायच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून देशपातळीवर अशा अनेक वस्तू बंद झाल्या. त्यानंतर पानांच्या पत्रावळींना पुन्हा मागणी येऊ लागली. मात्र पुष्कळशा पत्रावळी आता यंत्रावर दाबलेल्या, कागदाचे अस्तर लावलेल्या असतात. त्यांचा व्यास साच्याने ठरतो. हाताने टाचलेल्या पत्रावळीला असा ठरीव व्यास नसे, आणि अडीच फुटी फळीवर समोरासमोर दोन ताटे मांडायची तर मांडववाल्याला तो ठरीव हवा असतो. जंगलातून पाने आणणाऱ्या बाईला त्यामुळे पुष्कळदा शिवलेल्या पत्रावळीऐवजी सुट्या पानांचा भाव मिळतो.